मेसोसॉरस : दोन किनाऱ्यांवरचा एकच सांगाडा

सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे भूविज्ञानात ज्याला पर्मियन म्हणतात त्या कालखंडाच्या पूर्वार्धात, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका हे भूभाग एकमेकांना जोडलेले होते आणि त्यांच्या दक्षिणेकडील भागात पसरलेल्या एका उथळ, खारट जलाशयात मेसोसॉरस हा लहानसा सरीसृप वावरत होता. डायनासोर पृथ्वीवर यायला अजून चार-पाच कोटी वर्षांचा अवकाश होता. सरपटणारे प्राणी जमिनीवर स्थिरावून फारसा काळ लोटलेला नसतानाही त्याच्या पूर्वजांनी पुन्हा पाण्याची वाट धरली, आणि पाण्याकडे परतलेल्या ज्ञात सरीसृपांमध्ये मेसोसॉरसची गणना सर्वांत जुन्यांत होते.

त्याची लांबी साधारण मीटरभर असे आणि तीतला बराच भाग लांब शेपटीचा असे. पोहताना मुख्य जोर या शेपटीचा आणि मोठ्या मागच्या पायांचा लागत असावा. बरगड्या मात्र शरीराच्या मानाने विलक्षण जाड आणि भरीव आहेत. पाण्यात शरीर वर उचलले जाऊ नये म्हणून पाणबुड्या कमरेला शिशाचे वजन बांधतो, तेच काम या बरगड्या करीत असाव्यात. लांबट जबड्यात सुईसारखे बारीक दात दाटीने बसलेले दिसतात. या दातांनी तो पाणी गाळून अन्न मिळवीत असावा, असे पूर्वी मानले जाई; आता मात्र कोळंबीसारखे छोटे कवचधारी प्राणी पकडण्यासाठी ते असावेत, हे मत अधिक ग्राह्य धरले जाते.

उरुग्वे आणि ब्राझील येथील मेसोसॉरसांचे भ्रूण 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरून हे प्राणी पिल्लांना जन्म देत असावेत, किंवा पूर्ण वाढत आलेल्या अवस्थेतील अंडी घालीत असावेत, असा तर्क मांडला गेला. पुढे 2018 मध्ये हाडांच्या प्रमाणांचा अभ्यास करून, पूर्ण वाढलेले मेसोसॉरस काही काळ जमिनीवरही घालवीत असावेत, म्हणजेच ते अर्धजलचर होते, असे प्रतिपादन करण्यात आले.

या प्राण्याचे नाव ज्या नमुन्यावरून ठेवले गेले, त्याचा प्रवासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दक्षिण आफ्रिकेतील ग्रिक्वा लोकांच्या एका झोपडीत, 1830 च्या सुमारास, सांगाडा असलेली दगडाची एक लादी भांड्यावर झाकण म्हणून वापरात होती. ती पुढे पॅरिसच्या संग्रहालयात पोहोचली आणि 1860 च्या दशकात पॉल जेर्व्हे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. नंतर असेच सांगाडे अटलांटिकच्या पलीकडे, ब्राझीलच्या इराती नावाच्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे पापुद्र्यांनी बनलेल्या चिखलाच्या खडकात, विपुल आढळले.

उथळ पाण्यातला हा छोटा प्राणी हजारो किलोमीटरचा महासागर पोहून गेला असेल, हे मानणे कठीण होते. आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये खंडवहनाचा, म्हणजे खंड एकमेकांपासून सरकत गेल्याचा सिद्धांत मांडला, तेव्हा विरोधकांचे उत्तर असे की दोन खंडांमध्ये पूर्वी जमिनीचा पूल असावा आणि तो नंतर बुडाला असावा. मेसोसॉरसचे खरे मोल इथे कळते. पूल प्राण्याला पलीकडे नेऊ शकला असता, पण खडकाला नव्हे. आणि इरातीशी जुळणारा, त्याच काळातला काळा शेल दक्षिण आफ्रिकेत व्हाइटहिल या नावाने पसरलेला आहे, त्यातही हेच सांगाडे आहेत. प्राणी आणि त्याच्या जलाशयाचा गाळ असे दोन्ही जुळावेत, हा पुरावा कोणत्याही कल्पित पुलापेक्षा भक्कम मानला पाहिजे. तरीही बहुतेक शास्त्रज्ञांचे मत बदलले ते 1960 च्या दशकात, सागरतळ पसरतो हे सिद्ध झाल्यावर. दक्षिण अटलांटिक उघडू लागला तो सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी.

हे दोन्ही भूभाग ज्या महाखंडाचे अंश होते, त्याला गोंडवन हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून मिळाले. त्या महाखंडाच्या जंगलात वाढलेल्या ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेप्रमाणेच चंद्रपूरकडील दगडी कोळशाच्या थरांतही आढळतात. मेसोसॉरस मात्र भारतात आढळत नाही, कारण त्याचा तो जलाशय इथवर पसरलेला नव्हता.