टपालाचे कोठार आणि त्याची मोहोर



हल्ली शाळेला परिपत्रके ई-मेलने येतात. गुरुजी फोन उघडतात, पत्र समोर दिसते. पण मधल्या वाटेवर ते पत्र घेऊन पुढे धाडणारे एक यंत्र कुठेतरी अहोरात्र जागे असते. त्याला मेल सर्व्हर म्हणतात. हे काम करणारी एक आज्ञावली म्हणजे एक्झिम. केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझल यांनी ती १९९५ साली लिहिली. ती सर्वांना खुली आहे. कोणीही वाचावी, सुधारावी, फुकट वापरावी.

फुकट मिळते म्हणून कुठूनही घ्यावी काय? बियाणे घेताना आपण पिशवीवरची चिठ्ठी पाहतो, शिवण उसवलेली नाही ना ते पाहतो. इथेही तसेच आहे. डेबियन नावाने एकत्र आलेले स्वयंसेवक १९९३ पासून अशा आज्ञावली जमवून वाटतात. त्यांच्या कोठारात एक्झिमही आहे.

या कोठारातले बरेच काम यंत्रेच करतात. सुधारलेली प्रत आली की निरनिराळ्या जातींच्या संगणकांसाठी तिची पॅकेजे बांधली जातात. मग प्रत्येक पॅकेजचा गणिताने एक आकडा काढतात, अंगठ्याच्या ठशासारखा. आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. या ठशांच्या याद्या होतात, त्या याद्यांचे ठसे एका कागदावर येतात, आणि त्या कागदावर सही होते. हजारो पॅकेजांना एक मोहोर पुरते, ती अशी! तुमचा सर्व्हर आधी सही पडताळतो, मग यादी, मग माल.

पण समजा, एखाद्या लबाडाने जुनाच कागद पुढे केला. सही खरी, माल मात्र जुना, भोके पडलेला. म्हणून सुरक्षेच्या कोठारातल्या कागदावर मुदतही घातलेली असते. जगभर या कोठाराच्या नकला आहेत. तिथे माल आधी पोचवायचा आणि यादी मागाहून. उलट केले, तर यादीत नाव आहे आणि फळीवर काहीच नाही!

२०१९ साली याची परीक्षा झाली. एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत दोष सापडला. पत्त्याच्या जागी कोणी हुकूम लिहिला, तर काही परिस्थितीत यंत्र तो निमूट पाळी. ५ जूनला ही गोष्ट जाहीर झाली आणि थोड्याच दिवसांत हल्ले सुरू झाले. डेबियन ९ मध्ये ४.८९ होती. तिलाच ठिगळ लावून नवे पॅकेज त्याच दिवशी कोठारात आले. आकडा ४.८९ च राहिला, फक्त त्याला एक शेपूट जोडले गेले. नुसता आकडा पाहणारा घाबरला असता. ज्याने सुरक्षेची पॅकेजे आपोआप घेण्याची सोय ठेवली होती, त्याचे यंत्र मात्र मालकाने बातमी वाचण्याआधीच सावरले असेल. ही सोय चालू ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र त्याच डेबियन ९ चा सांभाळ २०२२ साली थांबला. ते अजून कुठे चालत असेल, तर यंत्र रोज नेमाने कोठाराकडे जाते, रिकाम्या हाताने परततो आणि आपली तक्रार नोंदवहीत लिहून ठेवते. ती वही कोणी उघडत नाही. आपल्या संस्थेचा सर्व्हर सांभाळणारे जे कोणी असतील, त्यांना एवढे विचारा: आपली आवृत्ती कोणती, आणि तिची मुदत कधी सरते?