घरच्या फोटोचे पान



आज आपण घरच्या फोटोबद्दल बोलू. फोटो तुमच्या घरात असेलच. कोणाच्या भिंतीवर असेल. कोणाच्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत असेल. तुम्ही म्हणाल, त्यात बोलायचे काय? पण आधी एक गोष्ट ऐका.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आजी येत. एकदा त्यांनी पदराखालून एक फोटो काढला. जत्रेत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर मोटारगाडी. पुढे चार माणसे. आजींनी एकेकावर बोट ठेवले. "ह्ये आमचे मामंजी. ह्या सासूबाई. ह्यो पोरगा म्हंजे आमचं मालक." चौथी होती सहा-सात वर्षांची मुलगी, परकर नेसलेली.

"आणि ही कोण?" आम्ही विचारले.

आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्या लगीन हून आले तवा ही न्हवती. कुनी सांगितलं न्हाई, अन् म्या इचारलं न्हाई."

पाहा बरे! फोटोत तोंड दिसते, कपडे दिसतात. नाव दिसत नाही. नाव जाणत्या माणसाच्या तोंडात असते. ते माणूस गेले की नावही जाते.

फोटोची विद्या १८३९ साली फ्रान्स देशात जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली फोटो काढणाऱ्यांची संस्थाही निघाली. पण खेड्यातल्या गरिबाचा फोटो निघायला पुढे फार वर्षे लागली. निघालाच तर जन्मात एखादा. आता मोबाइलवर रोज दहा निघतात. पण नाव त्यांच्यावरही नसते.

यावर उपाय काय? फोटोचे पान करावे. आपण गोधडी शिवतो ना, तसेच हे काम. घरातलेच तुकडे घ्यायचे आणि नीट जोडायचे.

एक जाड कागद घ्या. उघडलेल्या वहीएवढा पुरे. मधोमध फोटो ठेवा. पण फोटोला खळ लावू नका आणि फोटो कापू नका. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोवर जिलेटीन नावाच्या पदार्थाचा पातळ थर असतो. ओल लागली की तो फुगतो, चिकट होतो. म्हणून तर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो. तसा चिकटला असेल तर ओढू नका. ओढाल तर तोंडच निघून येईल. काचेवरूनच मोबाइलने त्याचा फोटो घ्या.

मग फोटो बसवायचा कसा? कागदाच्या चार लहान पट्ट्या कापा. पट्टीची दोन्ही टोके मागे, मध्याकडे तिरपी दुमडा. त्रिकोणी खिसा होतो. फोटोच्या चारी कोपऱ्यांना असे चार खिसे घाला. खळ लावायची ती खिशांच्या पाठीला, तीही थोडीच. जास्त खळ असली की कसर लागते. खळ लावताना फोटो काढून ठेवा. खिसे पुरते वाळले की मग बसवा.

आता भोवतीची सजावट. आजीच्या फाटक्या लुगड्याचा काठ असेल. लग्नपत्रिका असेल. बाजारहाटाची जुनी पावती असेल. कापडाला खळ नको. सुईदोरा घ्या आणि धावदोरा घाला. आमच्या भगिनींना हे शिकवायला नको!

आणि मग लिहा. हे काम सर्वांत मोठे. कोण आहे, कोणाचे कोण आहे, गाव कोणते, सर्व लिहा. बाईचे सासरचे नाव लिहा, तसेच माहेरचेही लिहा. लग्नात नाव बदलतात. मग आईबापांनी ठेवलेले नाव कोणालाच ठाऊक राहत नाही.

साल आठवत नाही? मग म्हाताऱ्या माणसांना असे विचारा: पानशेतचे धरण फुटले, त्याच्या आधीचा की नंतरचा? ते १९६१ साल. कोयनेचा भूकंप? ते १९६७. मोठा दुष्काळ? ते १९७२. अशाने साल जवळपास सापडते. खात्री नसेल तर "सुमारे" असे लिहा. उगीच ठोकून देऊ नये.

पान झाले की पुठ्ठ्यात घालून कोरड्या जागी ठेवा. ऊन, धूर आणि ओली भिंत यांपासून जपा. कुंकू लावायचे तर काचेवर लावा, फोटोला लावू नका.

आता त्या आजींचे ऐका. शेजारच्या गावी त्यांच्या चुलत सासूबाई होत्या, नव्वदीला टेकलेल्या. आजी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेल्या. म्हातारीने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "अगं, ही तुजी ननंद! देवी आल्या, त्यात गेली. तुजी सासू तिचं नाव काढायची न्हाई. रडू फुटायचं तिला." देवीच्या रोगाने तेव्हा घरोघरी लेकरे जात. १९७५ नंतर आपल्या देशात त्या रोगाचा एकही रोगी झालेला नाही.

आजींनी घरी येऊन पान केले. सासूबाईंच्या लुगड्याचा काठ एका गोधडीत होता, तो उसवून लावला. खाली चार नावे लिहिली. चौथे नाव लिहिताना हात थरथरत होता. एक वेलांटी चुकली, ती त्यांनी स्वतःच सुधारली. पुढच्या पावसाळ्यात ती चुलत सासूबाई वारली. आजींनी जाऊन विचारले नसते तर?

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, एवढे करा. आज घरी गेल्यावर एक फोटो बाहेर काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि विचारा, "ही कोण? हे कोण?" कागद-पेन्सिल संगती असू द्या. पान पुढच्या आठवड्यात केले तरी चालेल. नावे मात्र आजच लिहून घ्या.