मशीनबाहेरचे तास

1960 साली अमेरिकेतल्या सिएटल इथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या पथकाने मूत्रपिंडं निकामी झालेल्या क्लाइड शील्ड्स यांच्या हातात टेफ्लॉनची नळी बसवली. त्यामुळे पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं आणि मरणाच्या दारातले शील्ड्स पुढे अकरा वर्षं जगले.

आज आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हा रिवाज आहे. म्हणजे 168 तासांपैकी फक्त बारा. उरलेल्या वेळात पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस अंगातच साठत राहतं. रुग्णाला सर्वांत जास्त छळते ती तहान. ‘पाणी कमी प्या’ एवढं सांगून भागत नाही; आधी लोणचं, पापड, फरसाण सुटायला हवं, कारण मीठ कमी झालं की तहानही कमी होते. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वजन फार वाढलं, तर हृदयावर ताण येतो, आणि या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकारानेच होतात.

भारतात 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळतं. पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांचं काय? त्यापायी अनेक जण आठवड्यातली तिसरी खेप टाळतात. हे मला फार अस्वस्थ करतं.

स्वतःची तब्येत वाईट असल्याचं सांगणारे डायलिसिसचे रुग्ण अधिक वेळा दगावतात, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून झोप, थकवा, उदासी यांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पोटातून घरीच करता येणाऱ्या डायलिसिसबद्दलही विचारा. आणि फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हातावर रक्तदाब कुणालाही मोजू देऊ नका.