नकार ऐकण्याची तालीम
(पालक सभेतील भाषण)



आपले कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दर आषाढीला येथून तिची पालखी पंढरपूरला जाते. भावाने ठरविलेल्या शिशुपालाला तिने नाकारले आणि आपली निवड पत्राने कळविली, अशी ती कथा. वर्धेच्या या काठावर एका मुलीच्या नकाराची गोष्ट पिढ्यानपिढ्या कौतुकाने ऐकली जाते. आपल्या पोट्ट्यांना नकार ऐकायला आपण कितपत शिकविले, एवढेच मला आज विचारायचे आहे.

१३ मार्च २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही चार भागांची इंग्रजी मालिका आली. स्टीफन ग्रॅहम व जॅक थॉर्न यांनी ती लिहिली. तेरा वर्षांचा जेमी आपल्याच शाळेतल्या केटीचा चाकूने खून करतो. तो कोणी केला हे पहिल्याच भागात उघड होते, उरते ते ‘का’. प्रत्येक भाग मध्ये कोठेही न तोडता एका दमात चित्रित केलेला आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला तोंड फिरवायला जागा मिळत नाही. तपास करणारा अधिकारी मोबाईलवरच्या खुणा पाहून म्हणतो, ही तर मैत्री. तेव्हा त्याचाच मुलगा त्याला सांगतो की अब्बा, ही टिंगल आहे. (अब्बा हा शब्द माझा.) पण मला भीती वाटली ती निराळ्याच ठिकाणी. केटीचा एक फोटो मुलांत फिरलेला असतो. आता ती खचली असेल, आपल्याला नाही म्हणणार नाही, असा हिशेब करून जेमी तिला विचारतो. ती नाहीच म्हणते. हा हिशेब त्या पोराला कोणी शिकविला? शेवटच्या भागात आईबाप एकमेकांना विचारतात की तो तर आपल्या खोलीतच होता ना!

हे विलायतेतले म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे १९९३ साली ‘डर’ आला, तेव्हा टाळ्या मागे लागणाऱ्यालाच पडल्या. नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, ३ फेब्रुवारी २०२० रोजी कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने भर रस्त्यात पेटविले. आठवड्याने ती गेली.

१ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी मांडले गेले. मुंबई पोलिसांनी प्रथम पकडला तो २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. पुढे १८ वर्षांची एक मुलगीही पकडली गेली. तेव्हा आपण सर्व संतापलो, आणि तो संताप रास्तच होता.

आता घरातले सांगतो. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीचा ईदचा फोटो चार मुलांनी उचलला आणि त्याखाली किमती लिहिल्या. चारही मुले आपल्याच बिरादरीतली. मला कळले तेव्हा मी आधी त्या मुलीलाच म्हणालो, ‘बेटी, फोटो कशाला टाकावा?’ या वाक्याची मला आजही शरम वाटते. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना तो त्यानंतरच्या आयतीत आहे. हे मी स्वतः वर्गात कितीदा सांगितले असेल! पण वेळ आली तेव्हा क्रम उलटा केला.

मुलगी शाळेत येईना. आठ दिवसांनी तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. त्या चार पोरांपैकी एकाचाही बाप दाखला मागायला आला नाही, आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटले नाही. आपल्या मुलींची शाळा सुटते ती अशी. अभ्यास झेपत नाही म्हणून सुटणाऱ्या मी फार थोड्या पाहिल्या.

मी तिच्या घरी गेलो. वडील चहा पाजून म्हणाले, ‘सर, पोरगी येईल. पण त्या चौघांच्या बापांनी एकदा माझ्या दारी यावे. भांडायला नाही, नुसते बसायला.’

मुलगी आता दहावीत आहे, रोज येते. दोन बाप जाऊन आले. दाखल्याचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात अजून तसाच आहे. उरलेले दोघे आज या सभेत बसले आहेत की नाहीत, हे मी मुद्दाम पाहिलेले नाही.