ऑपरेशननंतरची रजा आणि त्यानंतरची तब्येत

(नवी दिल्ली येथे रेल्वे कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतले काही बंधू चहाच्या टेबलाकडे निघाले. त्यांना कृपया परत बोलवावे. या भाषणात रजा येणार आहे, ड्यूटी येणार आहे आणि चार्जशीटही येणार आहे. शिवाय ज्या भगिनींबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्यांच्यापैकी कित्येकजणी तुमच्याच घरात आहेत.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आम्ही डॉक्टर नाही. परंतु युनियनच्या कामात ज्या केसेस येतात, त्यासाठी डॉक्टरांना भेटावे लागते, कागद वाचावे लागतात. त्यातून जे समजले ते साध्या भाषेत तुमच्यापुढे ठेवत आहोत.

आपल्याकडे बाई म्हणते, "माझी पिशवी काढली." पिशवी म्हणजे गर्भाशय. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. गर्भाशय काढले की पाळी बंद होते, पण अंडाशये जागेवर असतील तर शरीराला लागणारे हार्मोन तयार होत राहते. एक अंडाशय काढून एक ठेवले तरी बहुधा काम भागते. पण दोन्ही अंडाशये काढली, तर त्या बाईची पाळी जाण्याची वेळ त्याच दिवशी येते. नैसर्गिकपणे पाळी जाताना हार्मोन काही वर्षांत हळूहळू कमी होते. ऑपरेशनमध्ये ते एकदम थांबते. गाडीला हळूहळू ब्रेक लावणे आणि इमर्जन्सी ब्रेक लावणे यातला फरक तुम्हाला आम्ही सांगायला नको. धक्का बसतोच.

हा धक्का कसा दिसतो? छातीपासून डोक्यापर्यंत अचानक गरम वाफा येतात, घाम फुटतो, छाती धडधडते. रात्री दोनदा-तीनदा कपडे भिजतात आणि झोप मोडते. सांधे दुखतात, विसरायला होते, चिडचिड होते, रडू येते. लघवीला जळजळ होते, योनीमार्ग कोरडा पडतो आणि नवरा-बायकोच्या संबंधांत वेदना होतात. ही शेवटची गोष्ट बाई कुणालाच सांगत नाही, आणि घरात विनाकारण गैरसमज वाढतो. बंधूंनो, ही नाटके नाहीत, हा स्वभावाचा दोषही नाही. शरीरातला एक पुरवठा बंद झाल्याचा हा परिणाम आहे आणि त्यावर उपाय आहे.

आता एक केस सांगतो. ठिकाण आणि नाव सांगणार नाही. दिल्लीच्या परिसरात ट्रॅकवर काम करणारी आमची एक भगिनी, वय ४१. एका खासगी दवाखान्यात पोट उघडून ऑपरेशन झाले. सहा आठवड्यांनी जखम भरली, फिट सर्टिफिकेट मिळाले, आणि ऐन जूनमध्ये ती गँगमध्ये हजर झाली. रात्री झोप नाही, दिवसा पारा ४४ अंशांवर, आणि आतून वाफा. एक दिवस ती सब्बल खाली ठेवून झाडाखाली बसलेली आढळली. कामात कसूर केल्याची चार्जशीट मिळाली. ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "दादा, ताप नाही, खोकला नाही. साहेबांना आजार काय म्हणून सांगू?"

आम्ही तिचा डिस्चार्ज कार्ड मागवला. त्यावर इंग्रजीत "टी.ए.एच. विथ बी.एस.ओ." असे लिहिले होते. भगिनींनो, ही अक्षरे लक्षात ठेवा. "टी.ए.एच." म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढले. "बी.एस.ओ." म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशये काढली. आपली अंडाशये गेली आहेत हे त्या बाईला तोपर्यंत ठाऊकच नव्हते. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केले आणि हलकी ड्यूटी द्यावी असे लिहून दिले. तो कागद जोडून आम्ही उत्तर दिले तेव्हा चार्जशीट मागे घेतली गेली. तीन महिन्यांनी ती पुन्हा नियमित कामावर आली.

यातून पहिला धडा असा की, सही करण्यापूर्वी विचारा. ऑपरेशन का करायचे? औषधाने भागणार नाही का? फक्त गर्भाशय काढणार की अंडाशयेही? अंडाशये का काढणार? कॅन्सर असेल, किंवा घराण्यात तो धोका असेल, तर अंडाशये काढणेच जीव वाचवते. अमेरिकेतील नटी अँजेलिना जोली हिने २०१५ साली वयाच्या ३९ व्या वर्षी याच कारणाने अंडाशये काढून घेतली आणि ते जगाला उघड सांगितले. पण कारण नसताना, "आता मुले झाली, ठेवून काय करायचे" म्हणून तरुण वयात ती काढली, तर पुढे हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

कारण नसताना ऑपरेशने होतात का? होतात. आपल्या महाराष्ट्रातले बीडचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजार ८०० हून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड कापतो, फडावर संडास नाही, पाणी नाही, त्यातून जंतुसंसर्ग होतो आणि शेवटी ऑपरेशनचा सल्ला मिळतो. हा आजार शरीराइतकाच कामाच्या अटींचाही आहे. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच ऑपरेशनांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला, आणि अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. त्या निकालाला आपल्या लेव्हल क्रॉसिंगच्या गुमटीवर काय अर्थ आहे, हे गेटवर बारा-बारा तास संडासाविना बसणाऱ्या भगिनीला विचारा.

दुसरा धडा रजेचा. पोट उघडून ऑपरेशन झाले असेल तर पूर्ण सावरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीने झाले असेल तर बहुधा दोन ते चार आठवडे, गर्भाशयही काढले असेल तर अधिक. दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चालावे, त्याने पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. पण पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंड, यातले काहीही सहा आठवडे उचलू नये. ताप आला, जखमेतून पू आला, अंगावरून जास्त रक्त किंवा दुर्गंधीचे पाणी जाऊ लागले, पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.

रेल्वेच्या कायम कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते. डॉक्टरी दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, तेव्हा एका दिवसाला दोन दिवस वजा होतात. म्हणून ऑपरेशन ठरवून करायचे असेल तर आधी रजेचा हिशोब तपासा. स्टेशनवर सफाई करणाऱ्या कंत्राटी भगिनींपैकी ज्यांची ई.एस.आय. वर्गणी कापली जाते, त्यांना अटी पूर्ण होत असतील तर आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. ठेकेदार हे सांगत नाही. शाखेच्या कार्यकर्त्याने सांगितले पाहिजे.

तिसरा धडा औषधाचा. "हार्मोनच्या गोळीने कॅन्सर होतो" असे शेजारीण सांगते आणि बाई गोळी फेकून देते. ही भीती २००२ सालच्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीनंतर जगभर पसरली. पण त्या पाहणीतल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. चाळिशीत अंडाशये गेलेल्या बाईची गोष्ट वेगळी. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये गेली असतील आणि मनाई करणारे कारण नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यावे असे तज्ज्ञ सांगतात. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गाठी, यकृताचा आजार झालेला असेल तर ते सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी वाफांवर दुसरी औषधे आहेत. हे डॉक्टरनेच ठरवायचे. मेडिकलच्या दुकानातून मनाने गोळी घेऊ नये आणि मनाने बंदही करू नये. त्याबरोबर दूध, तीळ, नाचणी, सकाळचे ऊन आणि रोजचे चालणे हाडांसाठी हवे. हाडांची तपासणी केव्हा करायची तेही विचारून ठेवावे.

आता मागण्या. पी.एन.एम.च्या बैठकीसाठी आम्ही पुढील मुद्दे मांडत आहोत. एक, अशा ऑपरेशननंतर फिट देताना अंडाशये राहिली की गेली हे पाहून मगच ड्यूटी ठरवावी. दोन, ट्रॅक आणि जड कामाच्या भगिनींना सुरुवातीचे तीन महिने हलकी ड्यूटी द्यावी, रात्रपाळी नको. तीन, गेट, गँगहट आणि बुकिंग ऑफिस येथे संडास, पिण्याचे पाणी आणि पंखा हवाच. चार, तब्येतीचे कारण असेल तर डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय चार्जशीट देऊ नये. पाच, रेल्वे रुग्णालयातून सुटताना काय काढले, काय ठेवले हे बाईला समजेल अशा हिंदीत लिहून द्यावे. बसंत लेनच्या मध्यवर्ती रुग्णालयापासून लहानात लहान हेल्थ युनिटपर्यंत हे करता येईल. याला इमारत लागत नाही, बजेट लागत नाही.

साथींनो, १९८९ साली साताऱ्याच्या सुरेखा यादव इंजिनात सहायक ड्रायव्हर म्हणून चढल्या, तेव्हा बाईला हे काम झेपेल का असे विचारणारे पुष्कळ होते. तो प्रश्न त्यांनी ३६ वर्षे गाडी चालवून निकालात काढला. बाई काम करू शकते हे आता कुणी विचारत नाही. मग त्या बाईच्या शरीराला जे लागते ते नियमांत बसवण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे, आणि ते बसेपर्यंत पाठपुरावा करण्याची जबाबदारी आपली.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने एक भगिनी प्रतिनिधी निवडावी आणि तिचे नाव डिव्हिजन ऑफिसात आमच्याकडे पाठवावे. ज्या भगिनींचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी घरी जाऊन डिस्चार्ज कार्ड काढावा आणि ती तीन अक्षरे आहेत का ते पाहावे. वाचता आले नाही तर तिच्याकडे किंवा आमच्याकडे यावे. लाजू नये.

कामगार एकजुटीचा विजय असो!