रोमा मुलें आणि त्यांची शाळा

कानाला 'कान', पाण्याला 'पानी' म्हणणारे आणि 'येख, दुय, त्रिन' असें मोजणारे लोक युरोपांत शेंकडों वर्षें राहात आहेत, हें ऐकून महाराष्ट्रीय श्रोत्यांस नवल वाटेल. हे लोक म्हणजे रोमा. 'जिप्सी' हें नांव त्यांस परक्यांनीं, ते मिसर देशाचे असावेत या समजुतीनें, चिकटविलें. त्यांची भाषा मूळ हिंदुस्थानची, हें र्‍यूडिगर या जर्मन पंडितानें १७८२ सालीं दाखविलें.

पण त्याच काळांत राज्यकर्ते रोमांचें रोमापण पुसावयास निघाले होते. मारिया थेरेसा राणीनें हंगेरींतील रोमांस 'नवे हंगेरियन' असें नांव दिलें आणि त्यांचीं मुलें आईबापांपासून काढून शेतकऱ्यांच्या घरीं वाढवावीं, असा हुकूम काढिला. हेतु सुधारणेचा खरा. पण अशी सुधारणा कोणत्या आईला रुचेल?

पुढें मुलें शाळेंत आलीं, पण कोणत्या ? झेक देशांतील ओस्त्राव्हा शहरीं कित्येक रोमा मुलांची रवानगी मंदबुद्धि मुलांच्या निराळ्या शाळांत होई. तेथें जाण्याचा संभव रोमा मुलास इतरांच्या २७ पट होता, असे आंकडे १८ मुलांच्या वतीनें मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयापुढें मांडले गेले. २००६ सालीं दावा फेटाळला गेला; १३ नोव्हेंबर २००७ रोजीं मोठ्या पीठानें तो १३ विरुद्ध ४ मतांनीं मान्य केला. पालकांची संमति होती, हा सरकारचा बचाव. भेदभावापासून मुक्त राहण्याचा हक्क असा सोडून देतांच येत नाहीं, असें न्यायालयानें बजाविलें.

हंगेरींत पेच या गांवीं मात्र १९९४ सालीं निराळाच प्रयोग सुरू झाला होता. तेथील रोमा शाळेला महात्मा गांधींचें नांव आहे. मुलें इतरांप्रमाणेंच मॅट्रिकच्या तोडीच्या परीक्षेस बसतात. शिवाय लोव्हारी आणि बेआश या आपल्या भाषाही शिकतात. पैकीं बेआश ही रूमानियनची उपभाषा. म्हणजे रोमापण एकाच भाषेंत सांठविलेलें नाहीं. नुसतीं गाणीं व नाच शिकवून गणित सोडणारी शाळा ही दुसऱ्या प्रकारची वंचनाच होय, हें येथें ओळखलें गेलें.

हंगेरींत लोव्हारीची सरकारी परीक्षाही होते. पदवीसाठीं परभाषेचें प्रमाणपत्र आवश्यक असे, त्या वर्षांत रोमा नसलेले कित्येक विद्यार्थीही ही भाषा शिकून त्या परीक्षेस बसले.