निर्वाताची परीक्षा

काचेच्या भांड्यातली हवा अगदी शेवटच्या रेणूपर्यंत काढून घेतली, तर आत काय उरेल? ‘काहीच नाही’ हे उत्तर क्वांटम भौतिकीला मान्य नाही. तिच्या मते पोकळीतही विद्युत-चुंबकीय क्षेत्र कधी पूर्ण शांत होत नाही. पुरेसं प्रबळ विद्युतक्षेत्र लावलं, तर त्या पोकळीतूनच इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन अशी जोडी जन्माला यावी. हायझेनबर्ग आणि ऑयलर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३६ साली याचं गणित मांडलं. श्विंगर यांनी १९५१ साली ते भक्कम केलं.

अडचण आहे ती क्षेत्राच्या ताकदीची. मीटरमागे एकावर अठरा शून्यं इतके व्होल्ट लागतात. एवढं क्षेत्र द्यायला लेसरची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०चा २९वा घात वॅट हवी. दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली १०चा २३वा घात गाठला. म्हणजे अजून दहा लाख पट मजल बाकी आहे.

पण एक वाट आहे. प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारा इलेक्ट्रॉन लेसरला समोरून भिडला, की त्याच्या दृष्टीने ते क्षेत्र हजारो पटींनी वाढतं. अमेरिकेत स्टॅनफर्डला याच युक्तीने निव्वळ प्रकाशकणांच्या टकरीतून शंभराच्या आसपास पॉझिट्रॉन मिळाले. १९९७ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

म्हणजे हव्यात दोन गोष्टी: तीव्र लेसर आणि वेगवान इलेक्ट्रॉन. या दोन्हींवर आपल्याच मध्य प्रदेशात, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात काम चालतं. जबलपूरपासून फार दूर नसलेल्या सागरला जन्मलेले डॉ. दिलीप भवाळकर हे त्या केंद्राचे संस्थापक संचालक. तिथल्या एका लेसरची शक्ती १५० टेरावॅट, म्हणजे दीडशे लाख कोटी वॅट. ही शक्ती टिकते जेमतेम २५ फेम्टोसेकंद, त्यामुळे एका झोताची ऊर्जा चार ज्यूलही भरत नाही. ऊर्जा थोडीच, पण काळ अतिसूक्ष्म आणि जागा इवलीशी. तीव्रता येते ती यातून.

इंदूरचा लेसर एकटा पोकळी भेदू शकणार नाही. मात्र त्यासाठी लागणारं कसब अशाच प्रयोगशाळांत घडतं. जबलपूरमध्ये भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, प्रकाशशास्त्राचा पाया पक्का करा आणि या कामात उतरा. टकरीतून पॉझिट्रॉन मिळाले खरे, पण प्रबळ क्षेत्राने पोकळीतूनच जोडी जन्मण्याचं ते नव्वद वर्षांपूर्वीचं गणित अजून थेट पुराव्याची वाट पाहत आहे.